चूल आपली, घर भाड्याचे

माझ्या आईच्या ट्रंकेत एक दोनशे पानी वही होती. पहिल्या पानावर ‘मोठा बंगला – भांडी’ असे लिहून खाली तिच्या चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात यादी : पातेली झाकणासकट ६, परात १, तवा १, कढई २, पोळपाट-लाटणे १, किसणी १, कपबश्या १२, चमचे २४. चमच्यांच्या आकड्यावर काट मारून २३ केलेले आणि पुन्हा २४. पाहुण्यांचा टांगा स्टेशनकडे वळला की आई ही वही घेऊन बंगल्याच्या स्वयंपाकघरात जायची. कमी भरलेला चमचा वडिलांच्या पगारातून वळता व्हायचा. तो एक हरवलेला चमचा नंतर बागेतल्या हौदाच्या तळाशी सापडला, एवढाच त्या खाडाखोडीचा इतिहास.

वडील तुंगार्लीच्या बाजूला एका मुंबईकर शेठजींच्या बंगल्यावर माळी होते. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत आमचे घर. मी पुढे इतिहास शिकले, शिकवला आणि निवृत्त झाले. मुलगी फ्रान्समध्ये लियाँ शहरात नोकरी करते. त्यामुळे गेली काही वर्षे ओळखीची माणसे मला एकच प्रश्न विचारतात : युरोपात जायचे आहे, पण पंधरा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या बसमधून नाही, एखादे ‘किचनवाले’ घर घेऊन आठवडाभर एका जागी राहायचे आहे. कुठे जावे? घर कसे पाहावे? या प्रकाराला तिकडे ‘सेल्फ-केटरिंग’ म्हणतात. उत्तर शोधायला बसले आणि युरोपात पोचण्याआधी आईच्या वहीपाशीच थांबले. कारण परक्या गावी घर भाड्याने घेऊन, आपला शिधा आणून, आपले आपण रांधून सुट्टी घालवायची ही रीत लोणावळा-खंडाळ्याने शंभराहून अधिक वर्षे पाहिली आहे. तिला आपण ‘बिऱ्हाड करून राहणे’ म्हणत असू, किंवा नुसतेच ‘हवापालटाला जाणे’.

मावळात मुक्कामाला येण्याची परंपरा तशी फार जुनी. भाजे, बेडसे आणि कार्ल्याची लेणी कोरली गेली ती बौद्ध भिक्षूंच्या वस्तीसाठी, आणि त्या वस्तीतला ठरलेला काळ म्हणजे वर्षावास. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पाडणाऱ्या या डोंगरात पावसाळ्यात एका जागी राहायचे, तर दगडाच्या पोटात राहणेच शहाणपणाचे. पण ते आपल्या विषयात बसत नाहीत. भिक्षू रांधत नसत, भिक्षा घेत.

आपल्या विषयातला मुंबईकर आला तो रेल्वेबरोबर. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली झाला होता. खंडाळा ते पुणे आगगाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला घाट चढायचा तो पालखीतून, घोड्यावरून नाहीतर पायी. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईचे बिऱ्हाड सामानासकट वर चढू लागले. लोणावळ्याला रेल्वेची मोठी वसाहत झाली, १८७७ मध्ये नगरपालिका आली. मुंबईतल्या धनिकांचे बंगले उठले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा ज्यांना शहर सोडणे शक्य होते त्यांना गाडीच्या अंतरावरची थंड, मोकळी हवा ही चैन राहिली नाही, गरज वाटू लागली.

हवा झाली, चुलीचे काय? हा प्रश्न आजच्या वाचकाला फुटकळ वाटेल. त्या काळात तोच मुख्य होता. बाहेरचे खाणे म्हणजे कोणाच्या हातचे खाणे, हा विचार घराघरात होता. पंढरपूर-नाशिकला जाणारा यात्रेकरू धर्मशाळेत उतरून तीन दगडांची चूल मांडी, ती पैसे वाचवण्यासाठी आणि तितकीच सोवळे सांभाळण्यासाठी. हवापालटाची सॅनिटोरियमे या धर्मशाळांचीच शहरी नात. ‘सॅनिटोरियम’ म्हटले की क्षयरोग्यांचे इस्पितळ डोळ्यांपुढे येते, पण लोणावळा-खंडाळा-देवळालीकडे या शब्दाचा रोजचा अर्थ वेगळा होता : एखाद्या जमातीच्या दानशूर माणसाने आपल्या लोकांसाठी बांधलेली ब्लॉकांची रांग. प्रत्येक ब्लॉकला दोन खोल्या, पुढे ओटा, मागे स्वयंपाकघर. आमच्या शेजारच्या सॅनिटोरियमच्या फाटकावर तर ‘संसर्गजन्य रोग्यांस जागा मिळणार नाही’ अशी पाटीच होती.

तिथली व्यवस्था आजच्या बुकिंगपेक्षा कमी काटेकोर नव्हती. मुंबईतल्या ट्रस्टच्या कचेरीत अर्ज करायचा, ओळखीच्या दोन प्रतिष्ठितांची शिफारस जोडायची, अनामत भरायची. भाडे नाममात्र. ब्लॉक महिन्याच्या बोलीने मिळे. खाट, कपाट आणि पाण्याचे पिंप ट्रस्टचे. बाकी सारे आपले. त्यामुळे एप्रिलमध्ये गाडीतून उतरणारे कुटुंब पाहण्यासारखे असे : वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, आणि कोणाच्या तरी मांडीवर जपून धरलेला पितळी स्टोव्ह. प्रायमसचा हा स्टोव्ह १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघाला. मला वाटते, आपल्याकडच्या सहलींच्या इतिहासात आगगाडीखालोखाल त्याचा मान आहे. ओल्या लाकडाची, फुंकणीची आणि धुराची कटकट संपली. चूल उचलून परगावी नेता येऊ लागली.

मात्र हे ब्लॉक ज्या जमातीचे, त्याच जमातीला मिळत. पारशांचे पारशांना, भाटियांचे भाटियांना, जैनांचे जैनांना. धर्मादायाच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते असे म्हणता येईल. माझ्या वडिलांच्या दृष्टीने चित्र निराळे होते. बंगल्यात काम नसेल त्या दिवसांत ते शेजारच्या सॅनिटोरियमला पाणी भरत. घागर ओट्यापर्यंत न्यायची, उंबरठ्यावर ठेवायची. पुढे घरातले कोणीतरी ती आत घेई. आई भांडी घासायची ती मागच्या मोरीवर. घासलेली भांडी बाई आत नेऊन आपल्या पाण्याने पुन्हा विसळत. मी लहान असताना एकदा विचारले होते, ‘‘तू नीट घासत नाहीस का?’’ आईने उत्तर दिले नाही. पुढे इतिहासाच्या तासाला मी पुष्कळदा शिवाशिवीवर बोलले, आणि दर वेळी डोळ्यांपुढे ती मोरी असायची.

बंगल्यांत रीत थोडी सैल होती. शेठजींचे मित्र आठवडा-पंधरवड्यासाठी येत. शिधा आणत किंवा बाजारातून भरत, आणि रांधायला आईला सांगत. त्यांचे तांदूळ, त्यांचे तेल, त्यांचा मसाला, हात आईचा. उरलेसुरले आमचे. इंग्लंडच्या समुद्रकाठी, ब्लॅकपूलसारख्या गावांत, गिरणी कामगारांच्या सुट्टीची अगदी हीच तऱ्हा होती. लोक खोली घेत, आपले मटण-बटाटे बाजारातून आणून घरमालकिणीच्या हाती देत. ती शिजवून वाढी आणि हिशेबात खोलीभाड्याशिवाय मीठ-मिऱ्याच्या भांड्याच्या वापराचे पैसे निराळे लावी. या मालकिणींवर तिकडे विनोदाचा डोंगर रचला गेला. फरक एवढाच की तिथे रांधणारी घराची मालकीण होती. चमचा हरवला तर तो तिचा हरवे.

पुढे स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आली, हवापालट डॉक्टरांच्या चिठ्ठीतून हळूहळू गेला. महिनाभर सुट्टी घेणारी कुटुंबेही राहिली नाहीत. तरीही लोणावळ्याची गर्दी हटली नाही, उलट वाढली. ‘गुलाम’मधल्या गाण्याने १९९८ साली खंडाळा साऱ्या देशाच्या तोंडी बसवला. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुक्काम महिन्यावरून दोन रात्रींवर आला. ऋतूही उलटला. आमच्या लहानपणी जूनमध्ये पाहुणे जात, व्हरांड्याला तट्ट्या लागत आणि चार महिने गाव आमचे असे. आता जूनमध्ये गर्दी सुरू होते. रेल्वेने इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेल्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. २०२४ च्या ३० जूनला तिथल्या लोंढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, तरी पुढच्या पावसाळ्यात माणसे आलीच.

आज बंगल्याला ‘व्हिला’ म्हणतात आणि जाहिरातीत स्वयंपाकघराचा फोटो असतो : काळा ओटा, चार शेगड्या, चिमणी. त्यावर रांधलेले मी फार क्वचित पाहिले आहे. पवना धरणाकडे दिलेली माझी चुलतवहिनी अशा तीन व्हिलांना जेवण पुरवते. केअरटेकरचा रात्री अकराला फोन येतो, ‘‘वहिनी, चौदा माणसांचं पिठलं-भाकरी.’’ जाहिरातीत ‘घरगुती जेवण’ असे शब्द असतात. घर कोणाचे, हे नसते. तिच्या सासरची जमीन धरणाच्या पाण्याखाली आहे. पवना धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाले, आणि विस्थापितांच्या जमिनीचा प्रश्न पिढ्या ओलांडून चालत आला. त्याच पाण्याच्या काठावर आज तंबू लागतात, निखारे पेटतात. तंबू टाकणारी पोरे बहुतेक त्याच गावांतली. मी त्यांना नावे ठेवत नाही. शेती गेल्यावर उरलेला काठ तरी त्यांनी वापरला.

आता युरोप. तिकडे ही रीत वाढली ती वेगळ्या कारणांनी. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळाली, ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा १९३८ चा. रजा मिळाली, पण हॉटेलचे पैसे कुठून आणायचे? दुसरीकडे डोंगरातली खेडी ओस पडत होती, शेतघरांची छपरे खचत होती. एमिल ओबेर नावाच्या सिनेटरने या दोन अडचणींची गाठ घातली. शेतकऱ्याला पडके घर दुरुस्त करायला मदत द्यायची आणि ते सुट्टीतल्या शहरी कुटुंबाला स्वयंपाकघरासह भाड्याने द्यायचे. अशा घराला ‘जीत’ म्हणतात. पहिले जीत १९५१ मध्ये आल्प्सच्या दक्षिण भागात सुरू झाले. १९५५ मध्ये त्यांचा राष्ट्रीय संघ झाला. घरांची प्रत ते ताऱ्यांऐवजी गव्हाच्या ओंब्यांनी दाखवत, हे मला फार आवडले. इटलीने १९८५ मध्ये शेतघरांतल्या पाहुणचारासाठी स्वतंत्र कायदा केला. मुंबईकराला मावळात चूल लागली ती सोवळ्यासाठी. फ्रेंच कामगाराला लागली ती खिशासाठी, आणि ती देणारा शेतकरी त्यामुळे गावात टिकला.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलीने प्रोव्हान्सच्या डोंगरात असे एक घर आठवडाभरासाठी घेतले. त्या अनुभवाच्या आधारे विचारणाऱ्यांना मी जे सांगते ते असे. आधी देश निवडू नका, आठवडा कसा घालवायचा ते ठरवा. संग्रहालये आणि चित्रे पाहायची असतील तर शहरातली सदनिका घ्या आणि स्वयंपाकघर लहान असले तरी चालवून घ्या. खेड्यातले घर हवे असेल तर गाडी चालवणारे कोणी आहे का ते आधी पाहा. बस असते, पण दिवसातून दोनदा. खेड्यातली घरे उन्हाळ्यात बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात, म्हणून विमानाची तिकिटे त्या हिशेबाने काढावीत. उलटे केले तर मधले दोन दिवस हॉटेलात जातात, आणि सारी बचत तिथे संपते. आठवडी बाजार कोणत्या वारी आणि किती अंतरावर, हे घराच्या फोटोंपेक्षा महत्त्वाचे. जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळी पोचणाऱ्याने दूध-ब्रेड वाटेतच घ्यावा.

भाड्याचा आकडा वाचताना थोडे थांबा. चादरी-टॉवेल, शेवटची साफसफाई आणि गावाचा पर्यटन कर हे पुष्कळदा वेगळे असतात. शेगडी कसली ते विचारा. इंडक्शन असेल तर आपला अॅल्युमिनियमचा तवा आणि खोल बुडाची कढई निरुपयोगी. लोखंडी सपाट तवा चालतो. लाटणे न्यावे, नाहीतर आम्ही पहिल्या दिवशी लाटल्या तशा बाटलीने पोळ्या लाटाव्या लागतात. मोहरी तडतडण्याआधी खिडकी उघडावी, कारण धुराचा भोंगा फोडणी आणि आग यांत फरक करत नाही. तूप नेऊ नये. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेण्यास युरोपीय संघात बंदी आहे. डाळी, मसाले, मेतकूट यांनी निभते. आम्ही दोन किलो इंद्रायणी नेला होता. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोरापासून काढलेल्या या तांदळाचा मऊ भात फ्रान्सच्या नळाच्या पाण्यातही तसाच झाला, हे वडगावकरांना कळवायला हरकत नाही. शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, तेव्हा अशा घराचे पैसे भरल्याची पावती आणि मालकाच्या पत्त्यासह करारपत्र आधीच मागून घ्यावे.

पण ज्याबद्दल कोणी विचारत नाही, ते मला तिथे सगळ्यात जास्त जाणवले. त्या घरामागे दोन खोल्या नव्हत्या. मालकीण सत्तरीची शेतकरीण, अंगणापलीकडे राहणारी. पहिल्या दिवशी तिने टेबलावर अंडी आणि जर्दाळूचा मुरंबा ठेवला, किल्ली दिली, कचऱ्याचे चार डबे दाखवले आणि गेली. भांडी आम्हीच घासली, केर आम्हीच काढला. माझ्या यजमानांनी आयुष्यात प्रथमच मोरी धुतली; घरी आल्यावर ती सवय टिकली नाही, हे नोंदवून ठेवते. ‘आपले आपण’ या शब्दांचा अर्थ तिकडे खरोखर तेवढाच आहे. आमच्या लोणावळ्यात ‘आपले आपण’ म्हणणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडामागे एक पाणी भरणारा आणि एक भांडी घासणारी असे, आणि ती कोणाच्या हिशेबात येत नसत. म्हणून स्वयंपाकघराचे घर निवडणाऱ्यांना मी आणखी एक विचारते : त्या आठवड्यात ओट्याशी कोण उभे राहणार, हे घरात बोलणे झाले आहे का? पुष्कळ ठिकाणी उत्तरादाखल नवरा बायकोकडे बघतो. अशांनी बसची सहल घ्यावी. मराठी यात्रा कंपन्या वरणभातासकट नेतात, आणि त्यात कमीपणा नाही.

निघायच्या सकाळी मालकीण एक कागद घेऊन आली. कपाटे उघडून तिने थाळ्या, पेले आणि सुऱ्या मोजल्या, खूण केली, आमची सही घेतली. मी इतकी वर्षे ज्या बाजूला उभी होते त्याच्या समोरच्या बाजूला उभी होते. एक काच पेला आम्ही फोडला होता. तो आधीच सांगितला. तिने हात हलवून तो विषय सोडून दिला.

परत आल्यावर आईला फोटो दाखवले. तिने स्वयंपाकघराचा फोटो बराच वेळ पाहिला. ‘‘भांडी कोण घासायचं?’’

‘‘आम्हीच.’’

‘‘आन् ती बाई?’’

‘‘ती पलीकडं राहते. तिचंच घर आहे.’’

‘‘मंग मोजली असतील,’’ आई म्हणाली. मी हो म्हटल्यावर तिला बरे वाटल्यासारखे दिसले.

गेल्या वर्षी चुलतवहिनी आणि तिच्या नवऱ्याने उरलेल्या शेतात दोन खोल्या बांधल्या. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे; त्याखाली नोंदणी करायची त्यांची खटपट चालू आहे. पाहुणे फोनवर पहिला प्रश्न विचारतात, किचन मिळेल का. वहिनीला ते पटत नव्हते. एकादशीला तिच्या तव्यावर कोणी काहीही भाजेल, ही धास्ती. शिवाय जेवणावरच तर दोन पैसे सुटतात. आम्ही दोघी एक दुपार यावर वाद घातला. शेवटी तिने मागच्या पडवीत वेगळा गॅस आणि वेगळी भांडी ठेवायचे ठरवले. रांधणारे रांधतील, नको त्यांना ती वाढेल. दर वेगळा आणि पाटीवर तिचे नाव.

दसऱ्याच्या आधी ती आईला भेटायला आली आणि वही मागून घेऊन गेली, यादी उतरवायला. किसणी आणि पोळपाट तिने तसेच ठेवले आहेत, कपबश्यांऐवजी स्टीलचे पेले केले आहेत. चमचे सध्या बारा.